राजाश्रय गेला, पुढे काय?

बडोद्याच्या मराठी घरांत क्रिकेटचा विषय निघाला की गाडी हमखास १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यावर येते. सांगलीचे विजय हजारे २८८, लाहोरचे गुल महंमद ३१९, चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी! सी. के. नायडूंच्या होळकर संघाचा एक डाव आणि ४०९ धावांनी पराभव झाला. १९४२-४३ ते १९५७-५८ या सोळा हंगामांत बडोद्याने चारदा करंडक जिंकला. पाचव्या विजयासाठी मात्र २०००-०१ उजाडावे लागले. मधल्या त्रेचाळीस वर्षांचे काय? इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला विजयांहून हा प्रश्न मोलाचा वाटतो.

‘राजाश्रय संपला’ हे आपले ठरलेले उत्तर. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यानंतरही १९४९-५० मध्ये आणि दत्ताजीराव गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५७-५८ मध्ये बडोदे जिंकलेच. म्हणजे घडलेली पिढी पुरली तोवर निभावले. नवी पिढी धरून ठेवण्याची सोय मात्र आटत गेली.

ही सोय म्हणजे काय, तर साध्या भाषेत पोटाची व्यवस्था. त्या काळी केवळ खेळून घर चालत नसे. हजाऱ्यांसारखा खेळाडू बडोद्यात आला, रमला, कारण दरबारने त्याला नोकरी दिली. पुढे हे काम मुंबईच्या कचेऱ्यांनी उचलले. बँका व कंपन्या खेळाडूंना नोकरीत घेत, टाइम्स शील्डसाठी आपापले संघ उतरवीत. शिवाय पावसाळ्यात कांगा लीग होतीच. बडोद्याच्या चौथ्या विजयानंतर, १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत, मुंबईने सलग पंधरा वेळा करंडक जिंकला. हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

एप्रिल २००१ मध्ये जेकब मार्टिनच्या बडोद्याने रेल्वेला २१ धावांनी हरवले. दुसऱ्या डावात पाच बळी घेणारा झहीर खान श्रीरामपूरचा, हजाऱ्यांप्रमाणेच बाहेरून आलेला. पुढच्याच वर्षी पुन्हा तेच दोन संघ अंतिम फेरीत भिडले आणि दिल्लीत रेल्वेने आपला पहिला करंडक उचलला. खेळाडूला कायम नोकरी देणारे ते खाते! २०१०-११ मध्ये बडोदे पुन्हा अंतिम फेरीत पोचले. तेव्हा राजस्थानने पहिल्या डावाच्या आघाडीवर बाजी मारली.

आता आयपीएलचा पैसा आला, तरी तो मोजक्यांच्याच वाट्याला येतो. ‘सर, मुलगा खेळला तर दहावीचे काय?’ असे पालक मला विचारतात, तेव्हा मी त्यांना भित्रे म्हणत नाही. त्यांच्या प्रश्नात बडोद्याचा अर्धा इतिहास आहे. एखादा हजारे दैवाने लाभतो. पण दुसरा, तिसरा घडावा असे वाटत असेल, तर न निवडल्या गेलेल्या दहा मुलांच्या भाकरीचाही विचार कुणीतरी करावा लागतो. पूर्वी तो दरबारने केला. आज तो आपल्या शाळांनी, क्लबांनी आणि कारखान्यांनी करायचा आहे.