भारा, आभार आणि उपकारस्तुती

पैनगंगेच्या एका अंगाला यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या अंगाला तेलंगणातले जैनथ. शब्द हुडकत फिरणाऱ्याला याहून बरा मुलूख मिळणे कठीण. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, जुन्या दप्तरात निजामाच्या वेळची उर्दू आणि रानाकडे गोंडी. इथे ख्रिस्ती प्रार्थनेला दोघे शेजारी शेजारी दोन भाषांतली बायबले घेऊन बसले असतील, तर पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातली अध्याय ५, ओवी १८ काढून पाहावी. (बायबलातल्या वचनाला 'ओवी' म्हणावे ही मराठी ख्रिस्ती मंडळींची खास लकब, जात्यावरून उठून ती थेट पौलाच्या पत्रात जाऊन बसली!) बरेवाईट काहीही वाट्याला येवो, देवाचे आभार माना, असा तिचा आशय. मराठीत तिथे शब्द आहे 'उपकारस्तुती', तेलुगूत 'कृतज्ञतास्तुतुलु'.

स्तुती दोन्हीकडे आहे, 'कृ' धातूही दोन्हीकडे. मात्र 'उपकार' म्हणजे जे केले गेले ते. 'कृतज्ञ' म्हणजे ते केलेले जाणणारा. मराठी शब्दाची नजर देणाऱ्याच्या कृतीवर आहे, तेलुगू शब्दाची घेणाऱ्याच्या मनावर. खरी गंमत पुढच्या क्रियापदात. मराठीत स्तुती 'करायची'. तेलुगूत ती 'चेल्लिंचायची', म्हणजे चुकती करायची. कर्जाचा हप्ता, सरकारी पट्टी यांनाही हेच क्रियापद. मूळ 'चेल्लु' म्हणजे चालणे, खपणे. आपण नाणे 'चालते' म्हणतो तसे. कन्नड 'सल्लिसु' याच घरातले असावे. आता वाटेल, देवाशी हा सावकारी व्यवहार कशाला? पण तेलुगूत 'मोक्कु चेल्लिंचु' म्हणजे नवस फेडणे. जैनथच्या लक्ष्मीनारायणाला नवस फेडणारा आणि प्रार्थनेत येशूचे आभार मानणारा, दोघे एकच क्रियापद वापरतात. गोव्याच्या कोंकणी ख्रिस्ती माणसाला विचाराल तर तो उपकार 'आठवतो'. मला स्वतःला हे आठवणे सर्वांत जवळचे वाटते.

'आभार'कडे वळू. यात 'भृ' धातू दिसतो, वाहून नेण्याचा. कडब्याचा भारा त्याच कुळातला. भारा एकट्याने डोक्यावर चढत नाही. चुंबळ नीट बसवून बाई वाकते आणि दुसरी कोणी हात लावते तेव्हा तो उठतो. आभार म्हणजे त्या हात लावण्याचे ओझे असावे, म्हणूनच माणूस आभाराने दबतो, उपकाराखाली वाकतो. लॅटिनमधला 'फेर्रे' हा 'भृ'चा चुलतभाऊ. त्याला 'खाली' अर्थाचा 'सुब' लागून 'सुफेर्रे' झाला, ओझ्याखाली राहून वाहणे, आणि त्यातून इंग्रजीचा 'सफर', दुःख भोगणे. (प्रवासाचा अरबी 'सफर' वेगळा, दोघांची गाठ कानापुरतीच.) म्हणजे आभार आणि दुःखभोग मुळात एकाच धातूचे! नव्या करारात धीरासाठी येणारा ग्रीक शब्द 'हुपोमोने', त्याचाही शब्दशः अर्थ खाली टिकून राहणे.

आपल्या 'धीर'चे मूळ मात्र दुहेरी दिसते. वेदातला 'धीर' हा 'धी'वरून आलेला, शहाणा. नंतरचा 'धृ'शी जोडला गेलेला, अढळ. संस्कृतात ते विशेषण होते. मराठीने त्याचे नाम केले, म्हणून तर तो धरता, देता, सोडता येतो. 'सहन'ची कथा याहून उलटी. वेदात 'सह्' म्हणजे मात करणे, 'सहस्' म्हणजे बळ, 'साहस' त्यावरून. जिंकणारे क्रियापद पुढे सोसणारे झाले. हा अर्थाचा ऱ्हास म्हणायचा की विस्तार? पंडिता रमाबाईंचे आयुष्य पाहिले की मी विस्ताराच्या बाजूने मत देतो. जन्म १८५८चा. १८७४च्या दुष्काळात आईवडील गेले, मग बहीण. १८८०मध्ये भाऊ, १८८२मध्ये पती, १९२१मध्ये एकुलती लेक मनोरमा. १८७८मध्ये कलकत्त्यात 'सरस्वती' ठरलेल्या या बाईंनी केडगावात हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणले, तेही साध्यासुध्या मराठीत, जड संस्कृत शब्द टाळून. एप्रिल १९२२मध्ये त्या गेल्या. ग्रंथ बाहेर पडला १९२४मध्ये.

जाता जाता 'क्रूस'. हा आपल्याकडे पोर्तुगिजांच्या गलबतातून आलेला. उर्दूचा 'सलीब' अरबीतला, आणि तेलुगूचा 'सिलुवा' सिरियाक 'स्लीबा'वरून, बहुधा तमिळ 'सिलुवै'च्या वाटेने, आलेला असावा. तसे असेल तर जैनथच्या वेशीवर उर्दू आणि तेलुगू यांचे या शब्दापुरते नाते निघते, आणि मराठीच एकटी पडते.

एक कोडे सुटायचे आहे. मराठीत नवस फेडतात, पांग फेडतात, माणसाचे उपकारही फेडतात. देवाचे मात्र 'मानतात'. पैनगंगाकाठच्या मराठी प्रार्थनेत तेलुगूच्या शेजाराने 'उपकारस्तुती फेडतो' असे कोणाच्या तोंडी आले आहे काय? ऐकले असेल त्याने जरूर कळवावे.