अकीकाची माळ

आपल्या जठारपेठेखाली काळा बेसाल्ट आहे. अशाच लाव्हातल्या पोकळ्यांत सिलिका विरघळलेलं पाणी थराथराने साचून अकीक तयार होतो. नदीतल्या गारगोट्या त्याच्याच नात्यातल्या. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात असे दगड पैठणहून गाड्यांनी भडोचला जात, अशी नोंद आहे. पुढे हा धंदा खंबायतचा झाला. रतनपूरचा अकीक भट्टीत तापवला की त्यातल्या लोहाने लाल होतो, मग घासून मणी.

खाण खोदणं हे स्फोटकर्म, श्रावकाला वर्ज्य. पृथ्वीकाय जीवांचा आपण इतका विचार करतो, पण घासताना उडणाऱ्या धुळीने कारागिरांना सिलिकोसिस होतो, फुप्फुसं निकामी होतात, हे माळ घेताना कोण विचारतं? मी तरी दुकानात विचारतेच: पाणी सोडून घासलाय, की कोरडाच?