ग्राफिक्स कार्ड व जुना प्रोसेसर यांची जुळणी (बारामती–इंदापूर परिसर)

संगणकातला जुना प्रोसेसर आणि मदरबोर्ड कायम ठेवून त्यावर नव्या पिढीचे ग्राफिक्स कार्ड बसवताना वेग, जोडणी व वीजपुरवठा यांचा मेळ घालणे. पुणे जिल्ह्यातल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हा प्रश्न मुख्यतः लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे स्टुडिओ, फ्लेक्स-डिझाइनची दुकाने, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि गेम खेळणारी मुले यांच्यापुढे येतो. कार्यालयांतून निघालेले सेकंड हँड डेस्कटॉप स्वस्तात मिळतात. त्यात कार्ड टाकले की मशीन नवे झाले, अशी समजूत असते. ती अर्धीच खरी आहे.

गेममधली प्रत्येक फ्रेम आधी प्रोसेसर सिद्ध करतो : कोण कुठे उभा आहे, काय कशावर आदळले, पडद्यावर काय काढायचे. मग कार्ड ते चित्र काढते. या तयारीला प्रोसेसर १६ मिलिसेकंद घेत असेल, तर सेकंदाला साठाच्या आसपासच फ्रेम निघतात. कार्ड तेच चित्र ८ मिलिसेकंदांत काढू शकत असले तरी उरलेला वेळ ते रिकामे बसते. ऊसतोडीच्या टोळ्या तेवढ्याच ठेवून कारखान्याची गाळपक्षमता वाढवली तर साखरेची पोती वाढत नाहीत, तसेच हे. रिझोल्यूशन वाढवले की मात्र कार्डाचे काम वाढते आणि प्रोसेसरचे जवळजवळ तेवढेच राहते. त्यामुळे १०८०पी मॉनिटरवर रिकामे राहणारे कार्ड ४के पडद्यावर पुरेपूर कामाला लागते. फ्रेम वाढत नाहीत, चित्र सुधारते.

अडचण कुठे आहे हे ओळखताना टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा एकूण टक्का फसवा ठरतो. चार कोअरपैकी एकच पूर्ण भरला असेल तरी एकूण आकडा कमी दिसतो. कोअरनिहाय आलेख उघडावा. फ्रेमवर मर्यादा घातलेली नसताना कार्डाचा वापर साठ-सत्तर टक्क्यांवर अडकत असेल आणि एखादा कोअर सतत माथ्याला लागलेला असेल, तर अडचण प्रोसेसरची आहे.

जोडणीचा भाग सर्वांत दुर्लक्षित. कार्ड ज्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसते त्याच्या प्रत्येक आवृत्तीत दर लेनचा, म्हणजे समांतर वाहिनीचा, वेग साधारण दुप्पट होत गेला : २.० मध्ये सेकंदाला ५०० मेगाबाइट, ३.० मध्ये जवळपास १ गिगाबाइट, ४.० मध्ये २. बरीच नवी मध्यम किमतीची कार्डे सोळाऐवजी आठच लेन वापरतात. २०२३ सालचे आरटीएक्स ४०६० त्यांतलेच. इंटेलचा २०१३ सालचा आय५-४५७० स्वतः ३.० चालवतो. पण तो एच८१ चिपसेटच्या स्वस्त बोर्डावर असेल तर स्लॉट २.० वरच थांबतो, म्हणजे ४०६० ला सेकंदाला सुमारे ४ गिगाबाइटच मिळतात. कार्डाची मेमरी भरली की गेम अडखळतो तो इथे. २०२२ च्या आरएक्स ६५०० एक्सटीला तर चारच लेन आहेत. त्यात व्हिडिओ एन्कोडरही नाही, त्यामुळे लग्नाचे व्हिडिओ एक्स्पोर्ट करणाऱ्याने ते घेऊ नये. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसाइझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम गाठू देणारी बोर्डाची सोय, लागते. २०२४ अखेरचे आर्क बी५८० जुन्या सहा कोअरच्या प्रोसेसरांवर बरेच मागे पडते, हे चाचण्यांत दिसून आले.

काम कोणते, यावर जुळणी ठरते. ब्लेंडरमधले सायकल्स रेंडरिंग पूर्ण कार्डावर करता येते, तिथे जुना प्रोसेसर फारसा आड येत नाही. ऑटोकॅडचे बरेचसे काम एकाच कोअरवर चालते. महागडे कार्ड घेऊन ड्रॉइंग लवकर उघडत नाही. ड्रोनचे फोटो जोडून शेताचा नकाशा करणाऱ्या मेटाशेपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये काही टप्पे कार्डावर, काही प्रोसेसरवर होतात, आणि रॅम दोन्हींच्या आधी संपते. कॅमेऱ्याचे ४:२:२ फुटेज एडिट करणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, की एनव्हिडियाने त्याचे डिकोडिंग आरटीएक्स ५० मालिकेत आणले, त्याआधी नाही.

बारामतीचे नाव संगणकक्षेत्रात गाजले ते ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या ऊसशेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे. मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने चाललेल्या त्या प्रकल्पात उपग्रहचित्रे, हवामान केंद्र आणि जमिनीतले सेन्सर यांची माहिती क्लाउडवर जाते. जड गणित तिथे होते, शेतकऱ्याच्या हाती मोबाइल पुरतो. विद्यार्थ्याला मात्र पानावरचा रोग ओळखणारे मॉडेल स्वतःच्या पीसीवर शिकवायचे असेल, तर कार्डाचा वेग आणि मेमरी लागतेच, आणि हजारो फोटो उघडून कार्डाला पुरवण्याचे काम प्रोसेसरवरच पडते.

वीज हा या परिसरातला खरा कळीचा मुद्दा. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५, आठ पिनांच्या जोडणीतून १५०. ४५० वॉट लिहिलेल्या जुन्या लोकल एसएमपीएसची १२ व्होल्टची बाजू तेवढा भार पेलत नाही. वस्तीवरच्या व्होल्टेजच्या चढउतारात ती आधी बसते आणि जाताना मदरबोर्डही घेऊन जाते. मोलेक्सवरून आठ पिना काढणारी केबल वापरू नये. ब्रँडेड ऑफिस डेस्कटॉपमध्ये एसएमपीएस बदलणेही अवघड, आणि अरुंद कॅबिनेटमध्ये लो प्रोफाइल कार्डच मावते. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर अशा कारखान्यांच्या गावांत गाळप हंगामातली काजळी हीटसिंकमध्ये बसते. तापलेला प्रोसेसर वेग आपोआप कमी करतो आणि दोष नव्या कार्डाला जातो.

इंटेलच्या चौथ्या पिढीच्या (आय५-४५७० सारख्या) चार कोअर मशीनला ७५ वॉटचे जीटीएक्स १६५० किंवा ७० वॉटचे ६ जीबी आरटीएक्स ३०५० योग्य. त्यापुढचा खर्च कार्डावर करू नये. त्याच बोर्डावर जुना आय७-४७९० बसवला तर आठ थ्रेड मिळतात. एएमडीचा एएम४ बोर्ड असेल तर बायोस अद्ययावत करून रायझन ५ ५६०० बसवता येतो, आणि हा सर्वांत फायद्याचा बदल आहे. पुण्याहून वा ऑनलाइन कार्ड मागवण्याआधी मदरबोर्डचे मॉडेल, एसएमपीएसवरचा १२ व्होल्टचा अँपिअर आकडा आणि कॅबिनेटमधली मोकळी लांबी कागदावर लिहून घ्यावी. सेकंड हँड कार्ड असेल तर आपले मशीन दुकानात नेऊन, त्यावर अर्धा तास चालवून मगच पैसे द्यावेत.