मिशिगनमधील एक कलम

१८३० साली डेट्रॉइटला एका इसमास उघड्यावर फाशी दिली, तेव्हा प्रेक्षकांसाठी बाकडी मांडली होती नि बँडही वाजत होता! त्याच मिशिगनने १८४६ मध्ये खुनाबद्दलची फाशी रद्द केली. इंग्रजी भाषिक जगात पहिल्यांदा. फक्त राज्यद्रोहापुरती ती ठेवली. कोणावरही कधी न चाललेले हे कलम आपल्याला निरुपद्रवीच वाटले असते. पण १९३८ मध्ये तेच नडले. बँकेवरील दरोड्याच्या प्रयत्नात खून करणाऱ्यास संघसरकारच्या कायद्याने देहान्ताची शिक्षा झाली होती. राज्यात देहान्त नसेल तरच ती अन्यत्र द्यावयाची; पण राज्यद्रोहास तो होता ना! गव्हर्नर मर्फींनी रूझवेल्टांना केलेली विनवणी व्यर्थ गेली. मिलानच्या तुरुंगात फाशी झाली. ते कलम १९६३ च्या राज्यघटनेने निकालात काढले.