दामाजीपंतांचें चित्र कोणाचें?

मंगळवेढें हें संतांचें गांव म्हणून महाराष्ट्रास विदित आहे. दुष्काळांत बादशाही कोठारें रयतेस मोकळीं करून देणारे दामाजीपंत येथले; गांवकुसाची भिंत कोसळून शके १२६० (इ. स. १३३८) मध्यें चोखोबांचा अंत झाला तो येथेंच, कान्होपात्राही येथलीच. ह्या सत्पुरुषांविषयीं आज कोणी संकेतस्थळ रचूं लागला, म्हणजे आंतरजालावर आयतें सांपडलेलें एखादें चित्र उचलून तेथें लावितो. संत सर्वांचे, तेव्हां त्यांचें चित्रही सर्वांचें, अशी त्याची समजूत असते. ती कितपत साधार आहे हें पाहणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ह्या संतांचें समकालीन चित्र ज्ञात नाहीं. जें रूप आपण ओळखतों तें बहुतांशीं अलीकडील चित्रकारांच्या कल्पनेंतून उतरलेलें आहे. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापखाना काढिल्यानंतर देवादिकांचीं रंगीत चित्रें घरोघर भिंतींवर गेलीं. संतांचीं चित्रेंही पुढें छापखान्यांच्याच मार्गानें पसरलीं. तात्पर्य, संत जुना असला तरी चित्र नवें असूं शकतें; आणि हक्काची मुदत चित्रकाराच्या मृत्यूपासून मोजतात, संताच्या नव्हे.

ह्या हक्काचा इतिहास थोडक्यांत असा. १८४७ चा कायदा मुख्यत्वें ग्रंथांपुरता होता. चित्रांस स्पष्ट संरक्षण मिळालें तें १९११ च्या साम्राज्य-कायद्यानें व त्यावर आधारलेल्या १९१४ च्या हिंदी कायद्यानें. हा दुसरा कायदा ब्रिटिश मुलुखापुरता होता, आणि मंगळवेढें त्या वेळीं सांगली संस्थानांत मोडत असे. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें. २१ जानेवारी १९५८ पासून १९५७ चा कायदा अमलांत आला. त्यांतील मुदत प्रथम कर्त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षें होती. १९९२ मध्यें ती ६० झाली. मोजणी मृत्यूच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून करितात. त्यावरून रविवर्मा (मृ. १९०६) यांचीं चित्रें केव्हांच मुक्त झालीं, महादेव विश्वनाथ धुरंधर (मृ. १९४४) यांचीं हयातींत प्रसिद्ध झालेलीं चित्रें २००४ अखेर, व औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि (मृ. १९५१) यांचीं २०११ अखेर मुक्त झालीं. दीनानाथ दलाल (मृ. १९७१) यांच्या चित्रांवरील हक्क मात्र २०३१ अखेरपर्यंत अबाधित आहे.

पुतळ्याची गोष्ट निराळी. सार्वजनिक स्थळीं कायमचा उभा असलेला पुतळा किंवा देवळाची इमारत ह्यांचें छायाचित्र कोणींही घ्यावें व प्रसिद्ध करावें, अशी कायद्यानें मोकळीक आहे. परंतु दुसऱ्यानें घेतलेलें तेंच छायाचित्र त्या दुसऱ्याचें असतें.

कर्त्याचें नांव खालीं छापिलें म्हणजे अनुज्ञा मिळाली, असें पुष्कळ समजतात. तेंही खरें नव्हे. खाजगी अभ्यास, संशोधन व टीका ह्यांसाठीं कायद्यानें सूट ठेविली आहे. परंतु संकेतस्थळावर शोभेसाठीं चित्र लावणें ह्या सुटींत बसत नाहीं. अनुज्ञा लेखी घ्यावी, व तींत मुदत आणि प्रदेश दोन्ही स्पष्ट असावीं. मुदत न लिहिल्यास ती ५ वर्षांची व प्रदेश न लिहिल्यास तो भारतापुरता धरितात. आणि संकेतस्थळ तर सर्व जगास दिसतें! क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांनीं २००२ पासून कित्येक कर्त्यांनीं आपलीं चित्रें अटींवर मोकळीं केलीं आहेत. त्या अटी पाळणें हीच तेथें अनुज्ञा होय. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास सामान्यतः ६ महिने ते ३ वर्षें कैद व ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे.

परंतु दंडाचें भय हें गौण कारण होय. दप्तरांतील कागद हातीं आला असतां तो कोणी, केव्हां लिहिला, अस्सल कीं नक्कल, हें आपण विचारतों. चित्रासही हेच प्रश्न विचारावे. निनावी नकलांच्या नकला पसरल्या, तर दामाजीपंतांस हें रूप प्रथम कोणी दिलें हें पुढील अभ्यासकास कळणार नाहीं. कर्ता सांपडत नसेल तर तें चित्र सोडून द्यावें, किंवा गांवांत जाऊन स्वतः छायाचित्र घ्यावें. आणि त्याखालीं आपलें नांव, स्थळ व तारीख अवश्य लिहावी.