बंदूक, घरटं आणि झूम

मी विट्याचा, म्हणजे सांगली जिल्ह्यातला. पण पक्ष्यांचे फोटो काढायला शिकलो ते जिल्ह्याची हद्द ओलांडून, साताऱ्यातल्या मायणीच्या तलावावर. जुना विकत घेतलेला कॅमेरा, त्याची लांब बाहेर येणारी झूम लेन्स आणि मोटारसायकल, एवढंच भांडवल. पहिल्या महिन्यातल्या बहुतेक फोटोंत एक शेपटी आणि भरपूर आभाळ.

एप्रिलमध्ये एकदा तलावाजवळच्या माळावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली. मला वाटलं, आज नशीब उघडलं. ती खाली येत होती, मी पुढं सरकत होतो. मेंढरं घेऊन निघालेले एक म्हातारबाबा थांबले आणि म्हणाले, "आरं पोरा, ती काय फोटूला न्हाय आली. पायाखाली बघ."

दोन हातांवर, खड्यांमध्ये खड्यांसारखीच चार अंडी होती. ऊन रणरणत होतं. टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून अंड्यांवर बसते, त्यांना गारवा देते. मी उभा होतो तेवढा वेळ ती अंडी उघड्यावर भाजत होती. फोटो मात्र झकास आला. तो मी अजून कुणाला दाखवलेला नाही.

पक्षी आवडतो म्हणून त्याच्या अंगावर जायची ही खोड कुठून आली, हे शोधायला मी जुनी पानं चाळली.

दख्खनच्या पक्ष्यांची पहिली मोठी यादी केली ती विल्यम हेन्री साइक्स या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्यानं. 1824 पासून तो मुंबई सरकारसाठी या मुलखाची आकडेवारी गोळा करत फिरला आणि 1832 मध्ये त्याची पक्ष्यांची यादी लंडनमध्ये छापली गेली. आपल्या माळावर दिसणारा तुरेवाला, तांबूस चंडोल आजही त्याच्या नावानं ओळखला जातो. तेव्हा पक्षी ओळखायचा म्हणजे हातात घ्यायचा, आणि हातात घ्यायचा म्हणजे आधी बंदुकीनं पाडायचा. यात क्रौर्याची हौस नव्हती, तीच अभ्यासाची रीत होती. सलीम अलींची सुरुवातसुद्धा लहानपणी एअरगननं पाडलेल्या एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून झाली. तिचं नाव विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि पुढं, 1941 मध्ये, भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं.

मग कॅमेरा आला, म्हणजे पक्षी सुटला? तसंही नाही. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी किअर्टन या भावांनी 1892 मध्ये घरट्यातल्या अंड्यांचा फोटो घेतला. पुढं पाखरांच्या जवळ जाता यावं म्हणून त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल बनवला आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन बसले! ऐकून हसू येतं, पण त्यांची अडचण खरी होती. काचेच्या प्लेटा, जड कॅमेरे, दूरचं जवळ आणणाऱ्या चांगल्या लेन्स नाहीत. अशा वेळी पक्षी नेमक्या जागी परत येईल याची खात्री एकाच ठिकाणी असायची, घरट्यावर. भारतातल्या पक्ष्यांचे फोटो काढणारे लोथर यांचं पुस्तक 1949 मध्ये आलं, तोवर या छंदाचा रस्ता घरट्यावरूनच जात होता. बंदूक खाली ठेवलेला माणूस थेट पाळण्यापाशी जाऊन बसला होता.

आज माझ्या जुन्या कॅमेऱ्यातही जी झूम आहे, ती किअर्टन बंधूंना मिळाली असती तर त्यांनी तो बैल शिवलाच नसता. त्यांना जवळ जाण्यावाचून इलाज नव्हता. मला होता. या सगळ्या इतिहासातून मला कळलं ते इतकंच: पाखरापासून लांब राहण्याची सोय असलेली आपली पहिलीच पिढी आहे, आणि ती सोय वापरली नाही तर हातातलं यंत्र नवं असलं तरी रीत साइक्सच्या काळचीच.

म्हणून आता मी वेगळं करतो. सूर्य पाठीशी घेऊन सकाळी लवकर बसतो. उभा राहत नाही, बसूनच राहतो; अर्ध्या तासात पाखरं मला विसरतात. उडत्या पक्ष्यासाठी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. आणि पक्षी ओरडायला लागला की कॅमेरा बंद करून आल्या वाटेनं मागं. अनेक फोटो स्पर्धा आता घरट्यांचे फोटो घेत नाहीत, ते उगीच नाही. मायणी आणि आसपासचे तलाव 2021 मध्ये पक्षी संवर्धन राखीव झाले. पण माळावरच्या चार अंड्यांना कुंपण नसतं.

त्या दिवशी म्हातारबाबांना मी विचारलं होतं, घरटं तुम्हाला कसं ठाऊक? ते म्हणाले, "औंदा पाऊस कसा हाय ते बघाय नको?" टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस मोठा, असं आमच्याकडं मानतात. ते रोज तिथून जात होते, रोज बघत होते, आणि टिटवी त्यांना बघून एकदाही उठली नव्हती.