मूळ रूप कोणत्या सालचे?

कोल्हापुरातल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत गोणपाटात गुंडाळलेले एक इंजिन वर्षानुवर्षे पडून होते. वडिलांच्या १९७८ सालच्या अँबेसेडरचे ते मूळ पेट्रोल इंजिन. वडील शाळांना प्रयोगशाळेचे साहित्य पुरवत. गडहिंग्लज, आजरा, गारगोटी अशी आठवड्यातले चार दिवस फिरती. पेट्रोलचा खर्च झेपेना, तेव्हा १९९१ साली त्यांनी ते इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवले, आर. सी. बुकात रीतसर नोंद करून घेतली आणि पुढची अठरा वर्षे गाडी चालवली. ते गेल्यावर मी रविवारी रविवारी पडवीत बसून ते जुने इंजिन खोलू लागलो. मी अभियंता नाही. माझी नोकरी हिशेब लिहिण्यात गेली. इंजिनाविषयी जे काही कळले ते पुस्तकांतून आणि उद्यमनगरातल्या एका वयस्कर मेस्त्रींच्या शेजारी उकिडवे बसून.

या इंजिनाचे कूळ शोधता शोधता मी इंग्लंडमधल्या एका स्पोर्ट्‌स कारपाशी पोहोचलो. तिचे नाव एमजीबी. घरच्या गॅरेजमध्ये, सुट्टीच्या दिवशी, हौशी माणसांनी पुन्हा उभ्या केलेल्या वेगवान गाड्यांचा इतिहास लिहायचा तर या गाडीला टाळून तो लिहिता येणार नाही. जुनी वस्तू ‘मूळ रूपात’ आणणे म्हणजे नेमके काय, हा माझ्या पडवीतला प्रश्न तिथल्या माणसांना माझ्या कितीतरी आधी पडला होता.

आधी कुळाविषयी. ऑस्टिन कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर एक साधे चार सिलिंडरचे इंजिन केले. १९५२ साली ऑस्टिन आणि मॉरिस हे जुने प्रतिस्पर्धी एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली आणि ‘बी-सीरीज’ या नावाने हे इंजिन दोन्ही घरांतल्या गाड्यांत जाऊ लागले. त्याची १४८९ सीसीची आवृत्ती मॉरिस ऑक्सफर्ड या कुटुंबवत्सल गाडीत बसली. तीच १९५५ साली आलेल्या एमजीए या स्पोर्ट्‌स कारमध्येही होती, फक्त तिथे दोन कार्बोरेटर होते आणि ताकद सत्तर अश्वशक्तीच्या आसपास. ऑक्सफर्डचा साचा बंगालमधल्या उत्तरपाडा इथे हिंदुस्थान मोटर्सकडे आला आणि त्याची अँबेसेडर झाली. १४८९ सीसीचे इंजिनही तिच्यात आले. इंग्लंडमध्ये त्याच इंजिनाचा व्यास वाढवत नेऊन १७९८ सीसी केला गेला आणि सप्टेंबर १९६२ मध्ये एमजीबी आली. सरकारी अधिकाऱ्याला जिल्हाभर हिंडवणारी आमची गाडी आणि ताशी शंभर मैलांच्या पुढे जाणारी ती लाल दोन आसनी गाडी या एका घरातल्या दोन बहिणी म्हणायला हरकत नाही.

एमजीबी ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात तयार होई. ताकद ९५ अश्वशक्ती. आजच्या हिशेबाने हा आकडा किरकोळ वाटेल, पण त्या काळी मध्यमवर्गीय पगारात परवडणारा तो वेग होता. १९६३ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत पॅडी हॉपकर्क आणि अ‍ॅलन हचिसन यांची एमजीबी सुरुवातीलाच वाळूत रुतली. ती उकरून काढण्यात तास-दीड तास गेला, तरीही ती बाराव्या क्रमांकाने शर्यत पूर्ण करून आली. मुळात हे इंजिन नाजूक नव्हतेच. चार सिलिंडरांना हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या वाटा दोनच. जास्तीत जास्त ताकद काढण्याच्या दृष्टीने ही रचना अडचणीची, पण समजायला आणि दुरुस्त करायला सोपी. घरी काम करणाऱ्याला हेच हवे असते.

गाडी सोपी असली तरी ती कशी खोलायची हे कुणीतरी सांगावे लागते. ते काम जॉन हेन्स या माणसाने केले. शाळेत असतानाच त्याने ऑस्टिन सेव्हन या छोट्या गाडीवर स्वतःची स्पोर्ट्‌स कार बांधली आणि ती कशी बांधली याची पुस्तिका काढून विकली. पुढे तो हवाई दलात गेला. एडनला असताना एका सहकाऱ्याची ऑस्टिन-हीली स्प्राइट दुरुस्त करायची वेळ आली. कंपनीचे मॅन्युअल शिकलेल्या कारागिरासाठी लिहिलेले होते. घरच्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता. हेन्सने गाडी पूर्ण खोलली, प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले आणि पुन्हा जोडली. त्यातून १९६६ साली त्याचे पहिले वर्कशॉप मॅन्युअल निघाले. आधी गाडी स्वतः खोलायची आणि मगच लिहायचे, हा त्याचा नियम. ही मॅन्युअल्स ब्रिटनमध्ये घरोघर पोहोचली. एका पानावर काळ्या हाताचे ठसे आणि दुसऱ्या पानावर चहाचा डाग, अशी एक जुनी प्रत माझ्याकडेही आहे. खोलण्याची कृती ही पुस्तके तपशिलाने सांगतात आणि जोडायची वेळ आली की हेच उलट्या क्रमाने करा म्हणून मोकळी होतात. त्या एका वाक्यात माझे कितीतरी रविवार गेले आहेत.

पण एमजीबीचा खरा शत्रू इंजिनात नव्हता, पत्र्यात होता. या गाडीला वेगळी चॅसी नाही. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. दोन्ही दारांखालून पुढच्या चाकाकडून मागच्या चाकाकडे पत्र्याची एक पोकळ पेटी जाते. तिच्यात बाहेरचा पत्रा, मधला पडदा आणि खालची नागमोडी पट्टी असे थर असतात. वर छप्पर नसल्याने गाडीचा सगळा भार या दोन पेट्यांवर. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते खारे पाणी पेटीत शिरते आणि लोखंड आतून खात जाते. बाहेरचा रंग चकचकीत आणि आत नुसता भुसा, अशी अवस्था होते. ब्रिटनमध्ये १९६० पासून जुन्या गाड्यांना सरकारी तपासणी सक्तीची झाली होती. तिच्यात अशा गाड्या नापास होऊ लागल्या आणि भंगारात जाऊ लागल्या.

ज्यांना त्या भंगारात घालवायच्या नव्हत्या ते घरी वेल्डिंग शिकले. यातली मुख्य खबरदारी कुठल्याही पुस्तकापेक्षा अनुभवाने जास्त शिकवली. कुजलेली पेटी कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडणी घट्ट बसवावी लागते. ती न लावता पेटी कापली की गाडी मधोमध वाकते. डोळ्यांना ते दिसत नाही, पण नवी पेटी त्याच वाकलेल्या स्थितीत जोडली गेली की दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. रंगरंगोटी उत्तम, इंजिन उत्तम, आणि दाराची फट वर अरुंद, खाली रुंद. जाणकार माणूस जुनी एमजीबी बघायला आला की आधी दाराच्या फटीकडे बघतो.

सप्टेंबर १९७९ मध्ये अ‍ॅबिंग्डनचा कारखाना बंद करण्याचे जाहीर झाले. गाडीच्या चाहत्यांनी लंडनमध्ये मोर्चा काढला, तरीही ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली. तोवर पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या होत्या. साधारणपणे इथे गाडीचा इतिहास संपतो. एमजीबीचा संपला नाही. ब्रिटिश मोटर हेरिटेज या १९७५ साली निघालेल्या संस्थेत डेव्हिड बिशप यांच्या पुढाकाराने मूळ पत्रे दाबण्याचे जुने साचे शोधून एकत्र करण्यात आले आणि १९८८ साली एमजीबीची अख्खी बॉडी पुन्हा नव्याने तयार होऊ लागली. घरच्या गॅरेजमध्ये कुजलेली बॉडी बाजूला ठेवायची, इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, आसने सगळे उतरवून नव्या बॉडीत भरायचे, हा मार्ग खुला झाला. हौशी लोकांची ही मागणी पाहून मूळ कंपनीच्या वारसदारांनी १९९२ साली याच बॉडीवर आधारित आरव्ही-८ ही नवी स्पोर्ट्‌स कार काढली. अशा सुमारे दोन हजार गाड्या झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक जपानला गेल्या. गॅरेजमधल्या हौशी माणसांमुळे बंद पडलेली गाडी पुन्हा बाजारात यावी, असे क्वचितच घडते.

इथूनच तो अवघड प्रश्न सुरू होतो. बॉडी १९८८ नंतरची, इंजिन १९६७ चे, तर गाडी कोणत्या सालची? ब्रिटनच्या वाहन नोंदणी विभागाने यासाठी बराच काळ गुणांचा हिशेब वापरला. गाडीचा जुना नंबर टिकवायचा तर किमान आठ गुण हवेत. मूळ किंवा त्याच बनावटीची नवीकोरी बॉडी असेल तर पाच गुण. सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स, स्टिअरिंग यांना प्रत्येकी दोन. आणि इंजिनाला फक्त एक. आपण ज्याला गाडीचे काळीज समजतो त्याची किंमत तिथल्या कारकुनाच्या लेखी चौदापैकी एक गुण. हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हा तक्ता पाहून गंमत वाटली आणि थोडे वाईटही वाटले.

दुसरे उदाहरण जास्त बोलके आहे. एमजीबीतल्या निम्म्याहून अधिक गाड्या अमेरिकेला गेल्या. तिथल्या सुरक्षेच्या नियमांमुळे १९७४ च्या अखेरीपासून पुढचे-मागचे क्रोमचे बंपर जाऊन काळे जाडजूड रबरी बंपर आले, गाडीची उंची सुमारे दीड इंच वाढली आणि धुराच्या नियमांमुळे अमेरिकेतल्या गाडीची ताकद बरीच घटली. पुढे कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या हवेच्या भागातून न गंजलेल्या गाड्या परत इंग्लंडला येऊ लागल्या. घरी आणल्यावर हौशी माणूस काय करी? रबरी बंपर काढून क्रोमचे लावी, उंची कमी करी, स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे आणी. झालेली गाडी फार देखणी दिसे आणि लोक तिला मूळ रूपात आणलेली म्हणत. प्रत्यक्षात ती १९७६ साली अशी नव्हतीच. ते रूप तिच्या थोरल्या बहिणींचे होते. दुरुस्त करणाऱ्याने गाडीचा भूतकाळ सांभाळला नव्हता, स्वतःला आवडलेला भूतकाळ तिला दिला होता. त्याला दोष देण्याचा माझा हेतू नाही. जुनी गाडी उभी करणारा प्रत्येक जण कळत-नकळत एक साल निवडतो आणि त्यानंतरचे सगळे खरवडून काढतो, एवढेच मला म्हणायचे आहे.

आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात ठेवलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल न झालेली गाडी ‘विंटेज’ ठरते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. रोजच्या वापराला ती नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. ब्रिटनच्या हिशेबात एका गुणाचे असलेले इंजिन आपल्या नियमात बॉडीच्या बरोबरीने येऊन बसले आहे.

आमच्या गाडीला २०२८ साली पन्नास वर्षे होतील. पडवीतले पेट्रोल इंजिन परत बसवले तर ती मूळ रूपाच्या जवळ जाईल. डिझेल इंजिनाच्या पायांसाठी पुढच्या आडव्या तुळईवर वेल्डिंग करून लावलेले ब्रॅकेट कापावे लागतील, पत्रा घासून सारखा करावा लागेल. ते वेल्डिंग १९९१ साली याच मेस्त्रींनी केले होते. मी त्यांना बेत सांगितला तेव्हा ते बराच वेळ हात पुसत राहिले. मग म्हणाले, “तुझ्या वडलांनी हे काढलं म्हणून गाडी घरात ऱ्हायली. न्हाईतर त्याच वर्षी इकली असती त्यांनी. आता तू ते परत घालणार, आणि म्हणणार गाडी मूळची झाली. मग मधली अठरा वर्षं तुम्ही कुणाच्या गाडीत बसून हिंडला?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. एमजीबीच्या इतिहासात ते सापडेल असे वाटले होते, पण तिथे वेगळेच काही सापडले. ती गाडी टिकली ती कुणी एका सालाचे रूप अचूक जपले म्हणून टिकली नाही. साचे शोधून ठेवले गेले, काम करणाऱ्यांनी केलेले लिहून ठेवले, फोटो काढले, चुका सांगितल्या, म्हणून टिकली. पाने-पकडी आपल्याकडेही आहेत आणि हातही कमी नाहीत. उद्यमनगरातल्या मेस्त्रींना या इंजिनाविषयी जे माहीत आहे ते मात्र कुठल्याही पुस्तकात नाही. मे २०१४ मध्ये अँबेसेडरचे उत्पादन थांबले. तिचे इंजिन कानाने ओळखणारी माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत.

म्हणून मी गाडीच्या आधी वही हातात घेतली आहे. १९९१ साली इंजिन का बदलले, ब्रॅकेट कुठे कापून कुठे जोडले, कोणत्या मापाचा बोल्ट कुठे घातला, हे सगळे मेस्त्रींकडून लिहून घेतो आहे. परवा पेट्रोल इंजिनाचे हेड बसवून टॅपेट सेट केले. अंतर एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले पंधरा भाग. इंजिन अजून लाकडी चौकटीवर आहे आणि गाडीत अजून वडिलांचेच डिझेल. कोणते कुठे राहायचे ते ठरलेले नाही. वहीत मात्र दोन्ही इंजिनांचे नंबर मी एकाच पानावर लिहिले आहेत.